तिसऱ्या मजल्यावर कोणी राहत नाही

आमच्या इमारतीच्या दारात, पत्रपेट्यांच्या बाजूला, खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही लटकते. नळ गळतो, दिवा गेला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, असलं काही असेल तर रहिवाशाने त्यात तारीख-वेळ घालून लिहायचं आणि सेक्रेटरीने महिन्यातून एकदा खाली ‘वाचलं’ असं लिहून सही करायची, अशी पद्धत. बारा घरांपैकी अकरा घरं ही वही वर्षातून एखाद्या वेळी उघडतात. बाराव्या घराने नऊ वर्षांत चार वह्या भरून पाचवीला हात घातला. ते घर माझ्या थोरल्या जावेचं. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, मी बरोबर तिच्या डोक्यावर, तिसऱ्यावर. त्या वह्यांमधली निम्म्याहून जास्त पानं माझ्यावर खर्ची पडलेली आहेत.

‘तिसरा मजला. पहाटे पाच दहा. जिन्यात बूट आपटत गेली.’ ‘तिसरा मजला. गाडीचं दार धाडकन लावलं.’ ‘तिसरा मजला. बाल्कनीतून ओल्या चादरीचं पाणी माझ्या खिडकीवर.’ माझं नाव कुठेच नाही, नातंही नाही. तिच्या लेखी मी म्हणजे नुसता एक मजला.

आमच्यातून विस्तव जात नाही हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कारण सांगते, मग कोणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी माझं कधीच ठरवून टाकलंय.

दोघा भावांनी एकाच इमारतीत दोन घरं घेतली. सासूबाई माझ्याकडे होत्या. शेवटी शेवटी त्यांना काही आठवेनासं झालं. एकदा गॅस तसाच चालू ठेवून, सासऱ्यांचा जुना कोट अंगात घालून त्या भर रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या लॉन्ड्रीची गाडी चालवते. पहाटेची फेरी तीन तासांची, आणि नवऱ्याची कारखान्यात पहाटपाळी. मग मी गॅस खालून बंद करून, बाहेरून कुलूप घालून जायला लागले. माझ्या जागी दुसरी असती तर तिनेही तेच केलं असतं. चौथ्या दिवशी सासूबाई आतून दार बडवत होत्या, ते थोरलीने ऐकलं. वर आली, कुलूप बघितलं आणि सगळी इमारत गोळा केली. “म्हातारीला गुरासारखं कोंडून ठेवलंय हिने!” कुलूप फोडून त्यांना खाली घेऊन गेली. चार महिन्यांनी सासूबाई खालीच वारल्या. मी कामावरून धावत आले, तर त्या दिवशीसुद्धा मला आत घेतलं नाही. पुढे दोन वर्षांनी थोरले दीर गेले तेव्हा मीही तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. फिट्टंफाट.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लॉन्ड्रीच्या मालकाने सगळ्या गाड्या विजेवर चालणाऱ्या घेतल्या. म्हणाला, “ज्याच्या इमारतीत चार्जिंगची सोय आहे त्याने गाडी घरी न्यावी. बाकीच्यांनी डेपोतून घ्यायची, पहाटे साडेतीनला. तीन महिन्यांची मुदत देतो.” डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि पहिली बस पाच वाजता. म्हणजे सरळ सांगायचं तर, तीन महिन्यांनी घरी बसा. बावीस वर्षं मी गाडी चालवते आहे. दुसरं मला काही येत नाही, आणि येत असतं तरी करायचं नव्हतं. त्या गाडीत मला कोणी सून म्हणत नाही, जाऊ म्हणत नाही, मजलाही म्हणत नाही.

पालिकेने त्याच सुमारास, मागच्या वर्षीसारखंच, जाहीर केलं होतं की राहत्या इमारतींमध्ये चार्जिंग पॉइंट बसवायचे असतील तर जवळजवळ सगळा खर्च पालिका देईल. अर्ज अकरा पानांचा. मी तो आमच्या सेक्रेटरीकडून हिसकावूनच घेतला म्हणा ना. सेक्रेटरी तळमजल्यावर दातांच्या कवळ्या बनवतो. हाताला कायम पांढरं प्लास्टर, आणि बोलणं इतकं मऊ की त्याचं कोणी ऐकतच नाही. तिसऱ्या पानावर मला हवं ते सापडलं. ‘इमारतीच्या मुख्य केबलमध्ये किती वाव शिल्लक आहे, हे पालिका सलग सात दिवस मोजेल. वाव पुरेसा नसल्यास अर्ज बाद होईल.’

“म्हणजे ते सात दिवस आपण वीज कमी वापरली की झालं,” मी म्हटलं.

“उरलेली पानं वाचून घेऊ या का?” सेक्रेटरी म्हणाला.

“उरलेली पानं सहीशिक्क्याची असतात. वाचत बसाल तर मुदत जाईल.”

त्याने मान डोलावली आणि एका कवळीला घासणं चालू ठेवलं.

मी नोटीस लिहिली. माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात, आणि लावली वहीच्या वरच. सात दिवस गीझर नाही, इस्त्री नाही, ओव्हन नाही, कपड्यांचं मशीन नाही, लिफ्ट नाही. संध्याकाळी घरटी एक दिवा. मग प्रत्येक दारावर गेले. विनंती करायला नव्हे, बजावायला. चौघांना विजेची गाडी घ्यायची होती, बाकीच्यांना आपल्या घराची किंमत वाढवायची होती, आणि एक-दोघांना नुसती माझी भीती वाटली. काही का असेना, दहाही घरांनी मान्य केलं. अकरावं माझं. बाराव्या दारासमोरून मी न थांबता वर गेले.

पालिकेची माणसं आली. मीटरच्या खोलीत मुख्य केबलवर एक आणि प्रत्येक घराच्या मीटरवर एकेक असे करड्या रंगाचे डबे लावून, सील करून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता खालच्या घरात गीझरचं पाणी खळखळायला लागलं. सात वाजता इस्त्रीचा वास. नऊला झाडू मारायचं मशीन, ते बंद होतंय तोवर मिक्सर. आणि दुपारी, सगळी इमारत गार पाव आणि गार पाणी गिळत बसलेली असताना, जिन्यातून केकचा वास वर चढायला लागला. बाई एकटी राहते. एकटीला केक कशाला लागतो? खाली जाऊन बघितलं तर वहीत तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं: ‘नोटीस वाचली. तिसऱ्या मजल्याचा हुकूम मला लागू नाही.’

सातही दिवस हे चाललं. मी जिन्यात उभी राहून ऐकायची आणि दातओठ खायची. पाचव्या मजल्यावरचे गणिताचे सर गुडघे धरून जिना चढत होते, पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीने चार दिवसांच्या बाळाला गॅसवर तापवलेल्या पाण्याने आंघोळ घातली, आणि ही खाली केक भाजतेय! चौथ्या दिवशी माझा नवरा कारखान्यातून आला तो स्वेटरवर केकचा चुरा घेऊन.

“वहिनीने दिला,” तो म्हणाला. “नाही कसं म्हणू?”

“तोंड उघडून.”

“तोंड उघडलं तेव्हाच तर दिला.”

या माणसाशी भांडणंसुद्धा धड होत नाही. तो दोन्ही मजल्यांवर सुखाने चहा पितो, नऊ वर्षं.

सातव्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वहीत लिहिलं. ‘दुसरा मजला. सलग सात दिवस मुद्दाम वीज जाळली. सगळ्या इमारतीचं वाटोळं केलं.’ संध्याकाळी आले तर खाली उत्तर होतं. ‘अक्षर सुधारावं.’

आठवड्याने पालिकेची तपासनीस बाई निकाल घेऊन आली. बैठक सेक्रेटरीच्याच खोलीत. मागे फळीवर ओळीने कवळ्या, पुढे आम्ही सगळे. थोरली तेवढी नव्हती. तपासनीस बाई तिशी-पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजूनमापून.

“तुमच्या केबलमध्ये भरपूर वाव आहे,” ती म्हणाली. “इतका वाव मी क्वचितच बघितलाय.”

मी सगळ्यांकडे वळून बघितलं. बघा म्हटलं, माझं ऐकलंत म्हणून.

“पण इमारतीत माणसं नाहीत,” तपासनीस पुढे म्हणाली.

“कसली माणसं?” सेक्रेटरीने विचारलं.

“राहती. पान नऊ वाचलंत ना? मागच्या वर्षी लोकांनी रिकाम्या इमारती दाखवून पैसे लाटले. तेव्हापासून नियम आहे. मोजणीच्या आठवड्यात ज्या घरात ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वीज वापरली गेली, ते घर रिकामं धरायचं. नुसता फ्रिज आणि एक दिवा हा बंद घराचा वापर झाला. निम्मी घरं तरी राहती हवीत. तुमच्याकडे बारापैकी एक आहे.” तिने कागदावर बोट फिरवलं. “दुसरा मजला.”

फळीवरच्या कवळ्या तेवढ्या हसत होत्या.

“तिसऱ्या मजल्यावर मी राहते!” मी म्हटलं.

“आमच्या नोंदीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर कोणी राहत नाही.”

“मी तुमच्यासमोर उभी आहे!”

“उभं राहणं वेगळं,” ती शांतपणे म्हणाली. “राहणं वेगळं.”

“आमची बिलं बघा की मग.”

“बघितली. दोन वर्षं तुमच्या इमारतीतल्या सगळ्याच मीटरांचे आकडे दिसत नाहीत, बिलं अंदाजाने येतात. अंदाजाला मी पुरावा म्हणू शकत नाही. पुन्हा मोजायचं तर डब्यांसाठी पुढच्या वर्षीचा नंबर लागेल.”

पुढच्या वर्षी! मालकाने दिलेल्या तीन महिन्यांतले आठ आठवडे संपले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा होता आणि रिकामी झाली होती सगळी इमारत. गणिताचे सर उठले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पाच मजले, बाई. सात दिवस. दिवसातून दोनदा.” एवढंच बोलून ते बसले. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

“अपील करता येतं,” तपासनीस म्हणाली. “पंधरा दिवसांत. मोजणीत जो रहिवासी सिद्ध झालाय, त्याने बाकीच्या घरांबद्दल लिहून द्यायचं, घराघराला वेगळा कागद. सोबत अर्जाच्या आधीच्या तारखेचा काहीतरी पुरावा. आणि एक सांगून ठेवते, निम्मी घरं भरली की अनुदान मिळेल, पण पॉइंट फक्त सिद्ध झालेल्या घरांनाच.”

म्हणजे मी या इमारतीत राहते की नाही, हे थोरलीने ठरवायचं होतं.

मी आधी सेक्रेटरीला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, “त्या म्हणाल्या, ज्याला अडलंय त्याने यावं.” मग नवऱ्याला पाठवलं. तो केक खाऊन आला. शेवटी मीच उतरले. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. दोन मजल्यांमध्ये चौदा पायऱ्या आहेत. मी त्या मोजत उतरले आणि दारावर थाप मारली. थाप कसली, बुक्कीच.

दार साखळीपुरतं उघडलं. नऊ वर्षांत मी तिला इतक्या जवळून बघितलं नव्हतं. केस पार पांढरे. चष्मा जाड. डोळे तसेच.

“काय?”

“सही हवीय.”

“कशावर?”

“माहीत आहे तुम्हाला.”

“मला सगळंच माहीत असतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“मी इथे राहते असं लिहून हवंय.”

“असं का? मला वाटलं वर घोडा बांधलाय.”

“हे बघा, मी तुमच्या पाया पडणार नाही.”

“पडू नकोस. लादी आत्ताच पुसलीय.” तिने साखळीच्या फटीतून हात बाहेर काढला. “आण ते कागद.”

अकरा कागद आत गेले आणि दार लागलं.

पुढच्या तीन दिवसांत नवऱ्याच्या हाती एकेक कागद वर यायला लागला. सरांचा. बाळंतिणीचा. सेक्रेटरीचा. प्रत्येकावर तिचं गोल अक्षर, आणि मागे टाचणीने लावलेला पुरावा. कोणाच्या घरची जुनी आमंत्रणाची चिठ्ठी, कोणी तिला दिलेली औषधाची पावती, कोणाच्या दारातला चुकून तिच्याकडे आलेला लिफाफा. बाई काहीच टाकत नाही. दहा कागद आले. अकरावा आला नाही.

“माझा?” मी नवऱ्याला विचारलं.

“वहिनी म्हणाली, तिचं मी बघते.”

तिचं मी बघते! यातला अर्थ कळायला मला काही गणिताच्या सरांची गरज नव्हती. सहा घरं पुरेशी होती आणि दहा झाली होती. सगळ्यांना पॉइंट मिळणार, माझ्या खटपटीमुळे, आणि मी तेवढी कोरडी. गाडीही जाणार. तिला केकसुद्धा भाजावा लागला नाही यासाठी, नुसता एक कागद कोरा ठेवला की झालं. नऊ वर्षं तिने मला पाण्यात पाहिलं होतं, आता बुडवायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणाचं टेबल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. तीनदा. खाली वहीत नोंद आली: ‘तिसरा मजला. सहा पाच. टेबल. तीनदा.’ मला जरा बरं वाटलं, पण जराच.

सुनावणीच्या दिवशी पालिकेच्या बाहेरच्या बाकावर मी आणि सेक्रेटरी बसलो होतो. त्याने त्या दिवसापुरते हात धुतले होते. थोरली शेवटच्या मिनिटाला आली. हातात कापडी पिशवी, पिशवीच्या ओझ्याने एक खांदा खाली. मी उठले नाही. ती बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

आत तपासनीस बाईने दहा कागद एकामागोमाग बघितले, शिक्के मारले. मग मान वर केली.

“तिसरा मजला?”

मी थोरलीकडे बघितलं नाही. टेबलावर काहीतरी धपकन पडलं. पिशवी. तिच्यातून तिने वह्या काढल्या. एक, दोन, तीन, चार. पाचवी निघाली तिला अजून दोरी लटकत होती. बाईने ती खिळ्यावरून तोडून आणली होती.

“हा पुरावा,” थोरली म्हणाली. “प्रत्येक पानावर तारीख आहे, वेळ आहे. महिन्याच्या शेवटी सेक्रेटरीची सही आहे. खुणेचे कागद घातलेत, तेवढंच वाचा. सगळं वाचाल तर इथेच म्हाताऱ्या व्हाल.”

तपासनीसने पहिली वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. मला वाटलं होतं ती मनातल्या मनात वाचेल.

“तिसरा मजला. पहाटे पाच दहा. आज बूट नवे. करकरतात.” पान उलटलं. “तिसरा मजला. दोन दिवस बुटांचा आवाज नाही. खोकला आहे. रात्रभर खोकून झोपू दिलं नाही.” पान उलटलं. “तिसरा मजला. किल्ली तीनदा पडली. उजव्या हाताला काहीतरी झालं असावं. आदळआपट डाव्या हाताने चालू आहे.” तपासनीसला हसू आलं, तिने ते आवरलं. “तिसरा मजला. भांडण. नवऱ्याचा आवाज नाही, म्हणजे एकटीच भांडते. तिसरा मजला. आज गाणं म्हटलं. सूर नाही.”

सेक्रेटरी टेबलाकडे बघत बसला होता. या प्रत्येक पानावर त्याने ‘वाचलं’ म्हणून सही केलेली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. चव्हाट्यावर उभं करून कोणी अंगावरचे कपडे मोजावेत तसं वाटत होतं. उजवा हात मोडला होता तेव्हाचं माझ्या नवऱ्यालासुद्धा आता आठवणार नाही.

“आणि हे?” तपासनीसने पहिल्या वहीतलं अगदी सुरुवातीचं पान उघडलं. तिथे खूण नव्हती. “तिसरा मजला. दुपारी दोन ते पावणेतीन. जिन्यात अडथळा. सातव्या पायरीवर बसून रडणं.”

“ते नको,” थोरली म्हणाली. “तिथे खूण नाही.”

“तारीख आहे ना. चालेल की.”

तारीख मला सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी सासूबाई गेल्या होत्या. घरात माणूस मरून पडलेलं, आणि ही बाई संध्याकाळी खाली येऊन वही लिहून गेली होती.

तपासनीसने वही मिटली. “आठ वर्षं मी हे काम करते,” ती म्हणाली. “एका घरात माणूस राहतं याचा इतका पुरावा मी बघितलेला नाही.” आणि तिने माझ्या कागदावर शिक्का मारला.

पालिकेच्या पायऱ्या उतरताना सेक्रेटरी पुढे निघून गेला. तो मऊ असला तरी मूर्ख नाही. थोरली कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. आमच्या दारांना बाहेर बघायची सारखीच भिंगं आहेत. तिच्या दारातल्या भिंगातून वर जाणारा जिना सातव्या पायरीपर्यंत दिसतो, हे मला ठाऊक होतं, कारण सासूबाई माझ्याकडे असताना मीही त्यांच्यासाठी तशीच भिंगाला डोळा लावून उभी राहायची.

“पाऊण तास,” मी म्हटलं. “पाऊण तास तुम्ही दारामागे उभ्या राहून मला बघत होता.”

“दार माझं आहे.”

“उघडलं का नाही?”

ती थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“तू वाजवलंस?”

मी तोंड उघडलं. नऊ वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले होते, मला आत घेतलं नाही, मला आत घेतलं नाही. लॉन्ड्रीत सांगितलं, माहेरी सांगितलं, नवऱ्याला तर उठता-बसता सांगितलं. तो त्या दिवशी आतच होता, त्याला वाटत होतं मी अजून कामावरच आहे. मी धावत आले होते, दाराशी गेले होते, दार बंद होतं. आणि मग मी सात पायऱ्या वर चढून बसले होते. हात दाराला लावल्याचं मला काही केल्या आठवेना.

“मी वाट बघत होते,” मी म्हटलं.

“मीही,” ती म्हणाली. “आणि कुलूप लावणारीला मी का बोलावू? ते अजून माझ्या पोटात आहे. राहील.”

“माझ्याही पोटात आहे.”

“असू दे. पिशवीला हात लावू नकोस, मी नेते.”

मी पिशवीला हात लावलेलाच नव्हता. लावणार होते, हे तिला कसं कळलं कोण जाणे. ती बसने गेली आणि मी लॉन्ड्रीच्या गाडीने. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिला मी बस म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी ती बसली नसती.

मुदत संपायला चार दिवस असताना पॉइंट बसले. माझा आला तो नेमका तिच्या खिडकीखाली, कारण भिंतीची तेवढीच जागा केबलला जवळ पडत होती. पहिल्या दिवशी नवी गाडी घेऊन आले. पांढरी, आवाज अजिबात नाही, रांगत आली तरी कोणाला पत्ता लागणार नाही. प्लग लावला, हिरवा दिवा लागला. गाडी माझी राहिली. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी दोन शब्द सुनवावेसे वाटले. मी वर बघितलं. दुसऱ्या मजल्याचा पडदा हलला नाही.

मग मी गाडीचं दार उघडलं आणि धाडकन लावलं. पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच दहाला खाली उतरले. खिळ्याला नवी दोरी होती आणि नव्या दोरीला तीच पाचवी वही. शेवटच्या ओळीवर गोल अक्षर: ‘तिसरा मजला. संध्याकाळी सहा बावीस. गाडीचं दार. दोनदा. मुद्दाम.’

सेक्रेटरीची सही महिन्याच्या शेवटी होते. मी खिशातून पेन काढलं, सहीच्या जागेवर त्यातल्या त्यात चांगल्या अक्षरात ‘वाचलं’ असं लिहिलं, आणि फेरीला गेले.